क्योटोचा खाऊ: काय घ्यावं, कधी घ्यावं आणि घरी पोचेपर्यंत कसं टिकवावं

जपानी लोक ज्याला 'ओमियागे' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द आहे, खाऊ. प्रवासाला जो गेला नाही त्याच्यासाठी, त्या गावाचंच असं काहीतरी, वाटून खाता येईल असं. म्हणून क्योटोच्या दुकानांत बहुतेक मिठाई आठ, दहा, बारा, सोळा अशा नगांच्या खोक्यांत येते आणि आतला प्रत्येक नग वेगळ्या पाकिटात असतो. ऑफिसच्या टेबलावर खोका उघडून ठेवायचा, ज्याने त्याने एकेक उचलायचा.

अडचण वेगळीच आहे. क्योटोच्या मिठाईतला सगळ्यात नाजूक, सगळ्यात देखणा भाग त्याच दिवशी खायचा असतो. तो मुंबई-पुण्याला पोचत नाही. दुकानात मात्र तोच डोळ्यांत भरतो. त्यामुळे खोका निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत: हे कुणाच्या तोंडात जाणार, आणि किती दिवसांनी?

आधी माणसं मोजा, मग दिवस

निघण्याआधीच फोनमध्ये यादी करा. नावापुढे तीन गोष्टी लिहा: कधी भेटणार, अंडं चालतं का, चहा कोणता पितात. तिसरा प्रश्न फालतू वाटेल, पण पैसे वाचवणारा तोच आहे.

दिवस मोजताना विमान उतरण्याच्या तारखेवर थांबू नका. समजा गुरुवारी संध्याकाळी क्योटो स्टेशनवर खरेदी केली, शुक्रवारी कान्साई विमानतळावरून निघालात, शनिवारी घरी पोचलात. ऑफिसमध्ये खोका सोमवारी उघडणार, म्हणजे पाचवा दिवस. साताऱ्याच्या मावशींकडे पुढच्या रविवारी जाणार, म्हणजे अकरावा दिवस. त्यात आपल्याकडची एक सवय धरायलाच हवी: बाहेरगावचा खोका आला की तो 'सगळे जमले की उघडू' म्हणून तीन-चार दिवस कपाटात राहतो. मावशींसाठी किमान पंधरा दिवस टिकेल असंच घ्यायचं. या एका हिशेबात दुकानातला अर्धा माल आपोआप गळतो आणि निवड सोपी होते.

खोक्याची पाठ वाचायला शिका

जपानी पाकिटावर दोन प्रकारच्या मुदती असतात. 'शोमि किगेन' म्हणजे चव उत्तम राहण्याची मुदत. ती उलटली म्हणून पदार्थ लगेच फेकायचा नसतो. 'शोहि किगेन' म्हणजे खाण्याची शेवटची तारीख, लवकर नासणाऱ्या पदार्थांवर असते आणि ती पाळायचीच. खोक्यावर 'शोहि' दिसलं तर तो खाऊ भारतात न्यायचा नाही, हॉटेलच्या खोलीत बसून खायचा. दोन्ही शब्दांतली शेवटची दोन अक्षरं सारखी असतात, फरक पहिल्या दोनांत असतो, म्हणून दोन्ही शब्दांचे फोटो फोनमध्ये ठेवा किंवा भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा वापरा.

तारीख वाचताना आपली हमखास चूक होते. जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. '26.11.03' हे पाहून आपल्याला 26 नोव्हेंबर 2003 आठवतं. ते असतं 3 नोव्हेंबर 2026. काही जुनी दुकानं अजून राजवटीचं वर्ष छापतात. सध्याची राजवट रेइवा, तिच्या आकड्यात 2018 मिळवले की आपलं साल मिळतं. रेइवा 8 म्हणजे 2026.

तिसरी गोष्ट साठवणुकीची. 'जोओन' म्हणजे साध्या तापमानाला चालेल. 'यो-रेइझो' म्हणजे फ्रिज हवाच, बहुधा 10 अंश किंवा त्याखाली. दुसरा शब्द असलेलं काहीही लांबच्या प्रवासासाठी घेऊ नका. 'जोओन' असलं तरी एक लक्षात ठेवा: तिथल्या मेमधलं साधं तापमान आणि नागपूरच्या मेमधलं साधं तापमान यांत फार अंतर आहे.

शाकाहारी, अंडं न खाणारे, जैन

पारंपरिक जपानी मिठाई, म्हणजे वागाशी, आपल्याला बरीच सोयीची. तांदळाचं पीठ, साखर, आझुकी नावाच्या लाल डाळवर्गी दाण्याचं गोड पुरण (त्याला आन्को म्हणतात) आणि जमवण्यासाठी कानतेन. कानतेन म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेलं आगर-आगर, आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतं तेच. योकान ही घट्ट वडी यातलीच.

पण सगळी वागाशी शाकाहारी असं समजू नका. भाजलेल्या सालीची मानजू (पुरण भरलेला गोळा), दोरायाकी (दोन जाड पॅनकेकमध्ये पुरण), कासुतेला (स्पंज केक) या सगळ्यांत अंडं असतं. सोबाचं (म्हणजे कुट्टूचं) पीठ घालून केलेली क्योटोची फुलाच्या आकाराची 'सोबा बोरो' बिस्किटं दिसायला साधी, पण त्यांतही अंडं. जेली आणि मूसमध्ये जिलेटिन.

लेबलवर या घटकांची ॲलर्जी-नोंद सक्तीची आहे: अंडं, दूध, गहू, सोबा, शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड. म्हणून अंडं आणि दूध लगेच सापडतं. सापडत नाही ते कात्सुओ, म्हणजे सुकवलेला बोनिटो मासा. तो सक्तीच्या यादीत नाही, पण लोणच्यांत, खारट तांदूळ-बिस्किटांत, सॉसमध्ये, सूपच्या पुड्यांत सर्रास असतो. त्यासाठी सगळी घटकयादी वाचावी लागते. 'कात्सुओ', 'दाशी' (सूपचा अर्क, बहुधा माशाचा), 'ग्योशो' (माशाचा सॉस), 'झेराचिन' (जिलेटिन) आणि 'रादो' (डुकराची चरबी) हे पाच शब्द जपानी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा. काटेकोर असाल तर आणखी दोन: गुलाबी रंगासाठी 'कोचिनीरु' (किड्यापासूनचा रंग) आणि चॉकलेटची चकाकी देणारा 'सेराक्कु', म्हणजे आपली लाख.

जैन मंडळींसाठी आन्को, कानतेन, तांदूळ, साखर, चहा हे सगळं चालण्यासारखं आहे. रताळ्याच्या मिठाया टाळा आणि लोणच्यांत सलगम, मुळा, आलं बघा.

नामा यात्सुहाशी: सगळे घेतात तेच, पण नीट घ्या

क्योटोचा खाऊ म्हटला की यात्सुहाशी. त्याचे दोन प्रकार आहेत आणि पहिल्यांदा जाणारे त्यांत गोंधळतात. भाजलेली यात्सुहाशी ही कडक, लांबट, पन्हाळीसारखी वळलेली दालचिनीची पापडी. कोतो नावाच्या तंतुवाद्याचा आकार तिला दिला आहे असं सांगतात, आणि नाव सतराव्या शतकातले कोतोवादक यात्सुहाशी केंग्यो यांच्यावरून आलं असं मानलं जातं. 'नामा' म्हणजे कच्ची, न भाजलेली. तांदळाचं पीठ वाफवून त्यात साखर आणि दालचिनी मळायची, पातळ लाटून चौकोन कापायचे, मधे आन्को ठेवून त्रिकोणी घडी घालायची. उकडीच्या मोदकाची पारी जिने केली आहे तिला हे पीठ हाताला लागताच ओळखू येईल. तशीच मऊ, किंचित चिकट, वर भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाची धूळ.

मोदकाचं जे होतं तेच हिचंही होतं: गार पडली की कडक होते. तांदळातलं स्टार्च थंडीत पुन्हा घट्ट बसतं, आणि हे फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात जोरात होतं. पिठातली भरपूर साखर त्याला काही दिवस रोखते, कायमचं नाही. म्हणून घरी आल्यावर नामा यात्सुहाशी 'टिकावी म्हणून' फ्रिजमध्ये ठेवली की ती चामड्यासारखी होते आणि पाहुणा म्हणतो, जपानी मिठाई काही खास नव्हती. कपाटातच ठेवा, आतलं प्लास्टिक उघडलं की त्याच दिवशी संपवा.

बंद पाकिटाची मुदत तयार झाल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आसपास असते, पण दुकानात ठेवलेल्या खोक्याचे त्यातले दोन-तीन दिवस गेलेले असतात. ढिगातला मागचा खोका काढा, तारीख पाहा. दहा नगांचा खोका हजार येनच्या आत मिळतो आणि पाव किलोच्या आसपास भरतो. आणखी एक नीट बघा: बऱ्याच खोक्यांत पाच-पाच नग एकाच प्लास्टिकमध्ये असतात, वेगळे नसतात. ऑफिससाठी ते गैरसोयीचे, बोटांना पीठ लागतं आणि उरलेल्या सुकतात.

शोगोइन, इझुत्सु, ओताबे, निशिओ ही यात्सुहाशीच्या पेढ्यांची नावं सगळीकडे दिसतील. क्योटोकरांची प्रत्येकाची आपली आवड ठरलेली असते, बाहेरच्याने त्या वादात पडू नये. अनेक दुकानांत चवीला तुकडे ठेवलेले असतात. पहिल्यांदा दालचिनी-आन्को आणि माचा-आन्को (माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड) याच दोन चवी घ्या, दोन्हींत बहुधा अंडं-दूध नसतं. चॉकलेट आणि कस्टर्डच्या चवीत दूध येतं, आणि खरं सांगायचं तर त्या चवींसाठी जपानला जायची गरज नाही.

सोमवारच्या ऑफिससाठी नामा यात्सुहाशी उत्तम. मावशींसाठी भाजलेली घ्या, ती महिनोन् महिने टिकते आणि चहात बुडवून छान लागते.

कोम्पेइतो, म्हणजे आपला हलवा

संक्रांतीचा काटेरी हलवा ज्यांच्या घरी होतो त्यांना कोम्पेइतोची ओळख करून द्यावी लागत नाही. नाव आलं पोर्तुगीज 'कॉन्फेतो'वरून. 1569 मध्ये लुईस फ्रोइश या पोर्तुगीज पाद्र्यांनी क्योटोत सरदार ओडा नोबुनागा यांना काचेच्या कुपीत हे साखरेचे दाणे भेट दिले. हे फ्रोइश जपानला जाण्याआधी गोव्यात शिकले होते, तिथेच पाद्री झाले.

कृती पाहा. आपण परात मंद आचेवर ठेवतो, तीळ किंवा खसखस टाकतो, पाकाचे थेंब सोडत बोटांनी हलवत राहतो आणि हळूहळू काटे फुटतात. तिथे तिरकी, फिरती, तापलेली मोठी कढई असते, मधला दाणा चिकट तांदळाच्या कणीचा, वर पळीपळीने पाक. दाणे घरंगळताना जिथे कढईला टेकतात तिथे साखर आधी सुकते आणि शिंग वाढतं. क्योटोत योशिदा भागात र्योकुजुआन शिमिझु हे फक्त कोम्पेइतो करणारं दुकान आहे, 1847 पासूनचं. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढ धरून एक घाणा व्हायला सोळा ते वीस दिवस लागतात.

खाऊ म्हणून हा सगळ्यात बिनधोक: वर्षभर खराब होत नाही, वितळत नाही, वजन कमी, साधारणपणे अंडं-दूध नाही (दुधाच्या किंवा दारूच्या चवीचे प्रकार निघतात, ते तेवढे विचारून घ्या). शत्रू एकच, दमट हवा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पुडी उघडी राहिली की दाणे चिकटून गोळा होतो. झाकणाच्या बरणीत ओता.

याच जातीचं दुसरं, 'गोशिकी मामे': भाजलेल्या वाटाण्यावर साखरेचे थर, पाच रंगांत. आपल्या साखरफुटाण्यांचा जपानी मावसभाऊ. आजी-आजोबांना देऊन पाहा, ओळख पटते. दात कमकुवत असतील तर मात्र नको.

चहा: घेणाऱ्याची कपबशी बघून

उजी हे गाव क्योटोच्या दक्षिणेला, रेल्वेने वीस-तीस मिनिटांवर, आणि माचा तिथला प्रसिद्ध. तोडणीआधी तीनेक आठवडे झुडपांवर सावली धरायची, पानं वाफवून सुकवायची, शिरा-देठ काढून दगडी जात्यावर दळायची. एका जात्यातून तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास पूड पडते, जातं जोरात फिरवलं तर तापून रंग-वास जातो. म्हणून तो महाग. 2024 च्या शरदापासून मागणी इतकी वाढली की इप्पोदो आणि मारुक्यु कोयामाएन या नावाजलेल्या पेढ्यांनी खरेदीवर मर्यादा आणल्या. हवा तो डबा मिळेलच असं धरू नका. मिळाला तर तिथेच घ्या, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

पण इथे एक स्पष्ट सल्ला. जन्मभर आलं-गवती चहा पिणाऱ्या माणसाला माचा देऊ नका. वीस ग्रॅमचा सुंदर डबा शोकेसमध्ये जातो आणि दोन वर्षांनी पिवळट झालेला सापडतो. माचा उघडल्यावर महिन्याभरात संपवायचा असतो. एका वाटीला दोन ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमच्या दहा वाट्या, पाणी सत्तर मिलिलिटर आणि 80 अंशांचं, उकळतं नाही. बांबूची फेसणी नसेल तर पूड बारीक गाळणीतून चाळून घट्ट झाकणाच्या बाटलीत कोमट पाण्याबरोबर हलवली तरी चालते. हे सगळं जो हौसेने करील त्यालाच द्यावा, आणि दूध घालून पिणार असेल तर 'स्वयंपाकासाठी' म्हणून मिळणारा स्वस्त माचा पुरतो.

चहाबाज मराठी घरासाठी होजिचा घ्या. ही भाजलेली हिरवी पानं, रंग तपकिरी, वास खमंग, भाजलेल्या धान्यासारखा, कॅफीन कमी. उकळतं पाणी चालतं, अर्ध्या मिनिटात तयार, आणि दूध घातलं तरी चव मरत नाही. शंभर ग्रॅमच्या पुडीत दहाएक किटल्या होतात. क्योटोतले लोक रोज पितात तो 'इरिबांचा' किंवा 'क्योबांचा' मात्र विचार करून घ्या: त्याला चुलीच्या धुरासारखा वास असतो. काहींना पहिल्या घोटात गाव आठवतं, काही जण कप खाली ठेवतात.

सेंचा आणि ग्योकुरो हे पानांचे हिरवे चहा: सेंचासाठी पाणी 70 ते 80 अंश, ग्योकुरोसाठी 50 ते 60. देताना हे चिठ्ठीवर लिहून द्या, नाहीतर उकळत्या पाण्यात पानं कडू होतात आणि दोष चहाला जातो.

योकान, चॉकलेट, आणि 'आजारी' मोची

योकान म्हणजे आझुकी, साखर आणि कानतेनची घट्ट वडी. पाकिटबंद छोट्या वड्यांची मुदत बहुधा वर्षभर असते, उष्णतेला डगमगत नाही, शाकाहारी. दोष दोनच: जड आहे, आणि एका घासापलीकडे खाल्ला तर गोडमिट्ट. अर्ध्या सेंटिमीटरचे काप करून कोऱ्या चहाबरोबर द्यायचा. तोराया ही पेढी मूळची क्योटोचीच, 1869 मध्ये सम्राट टोकियोला गेले तेव्हा तिने तिथेही दुकान काढलं.

माचाचं पातळ बिस्किट आणि मधे पांढरं चॉकलेट, असा मालब्रांश या पेढीचा 'चा नो का' तरुण मंडळींत हमखास खपतो. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला, म्हणून ऑफिसला सोयीचा. पण अंडं आणि दूध दोन्ही आहेत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलात तर चॉकलेट वितळून बिस्किटं एकमेकांना चिकटतात. हातातल्या बॅगेत न्या.

आजारी-मोची हे नाव वाचून हसू आलं तरी घ्या. 'आजारी' हा आपल्या 'आचार्य'चाच जपानी उच्चार, बौद्ध आचार्यांच्या टोपीसारखा तिचा आकार. मान्गेत्सु या दुकानाची ही मोची (चिकट तांदळाची मिठाई) बाहेरून भाजलेली, आतून ओलसर, सालीत अंडं. मुदत पाचेक दिवस, त्यामुळे निघायच्या दिवशी घेतली आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाल्ली तरच.

तिखट-आंबट: इथे चुका जास्त होतात

कियोमिझु देवळाच्या चढावर शिचिमिया हे सतराव्या शतकातलं मसाल्याचं दुकान आहे. शिचिमी म्हणजे सात चवी: लाल मिरची, सांशो, पांढरे तीळ, काळे तीळ, हिरवं शेवाळ, शिसो या सुगंधी झाडाची पानं, भांगेचं बी. क्योटोची शिचिमी तिखटापेक्षा सुगंधाची, कारण तिच्यात सांशो ठळक. हा सांशो आपल्या तिरफळाचा सख्खा नातेवाईक, एकाच वनस्पतीकुळातल्या एकाच प्रजातीगटाचा, जिभेला तशीच झिणझिणी आणतो. बांगड्याच्या आमटीत तिरफळ घालणाऱ्या घरी सांशोची छोटी कुपी न्यावी, दहा मिनिटं गप्पांना विषय मिळतो. भांगेच्या बियांनी नशा येत नाही, पण आखाती देशांतून विमान बदलणार असाल तर शिचिमी घेऊ नका. इतर गावांच्या शिचिमीत खसखसही असते, आणि खसखशीवरून दुबईत होणारा त्रास मराठी घरांना सांगायला नको.

चिरिमेन-सांशो नावाची सुंदर पुडी शेजारीच दिसेल. तिच्यात सांशो आहे, पण 'चिरिमेन' म्हणजे वाळवलेले बारीक मासे. मासे खाणाऱ्यांसाठीही ती आणू नये: भारतात उतरताना मांस, मासे, दुग्धजन्य पदार्थ, ताजी फळं, बिया, रोपं हे सगळं विचारलं जातं.

लोणच्यांत क्योटोची तीन मानाची. शोगोइन जातीच्या मोठ्या सलगमाचे पातळ काप घालून हिवाळ्यात होणारं सेनमाइझुके, कामिगामोकडचं आंबवलेलं सुगुकी, आणि ओहाराचं वांगं व लाल शिसोचं जांभळं शिबाझुके. तेल नाही, मोहरी नाही, आपल्या लोणच्यासारखी वर्षभर टिकत नाहीत, बहुतेकांना फ्रिज लागतो. आंबवलेली पाकिटं उष्णतेत वायू धरून फुगतात, सुटकेसमध्ये फुटली की सुगुकीचा वास कपड्यांतून चार धुण्यांनीही जात नाही. घ्यायचंच असेल तर गरम करून बंद केलेलं, साध्या तापमानाचं पाकीट घ्या, आणि घटकांत कात्सुओ नाही ना ते पाहा. वांगं, शिसो, मीठ एवढंच लिहिलेलं शिबाझुके सगळ्यात शुद्ध.

त्यापेक्षा वाळवलेली युबा घ्या. सोयाबीनचं दूध तापवलं की वर धरणारी साय, सुकवलेली. हलकी, महिनोन् महिने टिकणारी. कोमट पाण्यात पाचेक मिनिटं भिजवली की आमटीत किंवा सूपमध्ये जाते. फक्त कडक खोक्यातली घ्या, पिशवीतली चुरा होऊन पोचते.

जे तिथेच खायचं

देमाची फुताबा या दुकानाची मामेमोची, म्हणजे काळे-तांबूस दाणे मळलेली मऊ मोची, रांग लावून घ्या आणि शेजारी कामो नदीच्या काठावर बसून खा. संध्याकाळपर्यंत ती बदलते. 30 जूनला खातात ती मिनाझुकी, जानेवारीतली हानाबिरा-मोची, ऋतूप्रमाणे फुला-पानांचे आकार घेतलेली ओली नामागाशी, ताजी वाराबिमोची, हीसुद्धा तिथेच. फोटो आणा, खोका आणू नका.

कुठे, कोणत्या दिवशी

सुका आणि दुर्मीळ माल आधी, मऊ माल शेवटी. माचा, कोम्पेइतो, सांशो ज्या दिवशी त्या भागात असाल त्या दिवशी घ्या. निशिकी बाजार चव घ्यायला आणि सुक्या मालाला चांगला, मात्र पाच-सहाला दुकानं मिटतात आणि चालता चालता खाणं तिथे नको म्हणतात, दुकानासमोर उभं राहून संपवावं. गुंडाळून नीट हवं असेल तर ताकाशिमाया, दाइमारू किंवा स्टेशनवरचं इसेतान या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर. तिथे एका छताखाली अनेक पेढ्यांचे कट्टे असतात आणि छोटा खोका घेतला तरी आदबीने बांधून देतात. नामा यात्सुहाशी शेवटच्या दिवशी क्योटो स्टेशनवर. कान्साईची हारुका गाडी तिथूनच सुटते, सव्वा तासाच्या आसपास लागतो. विमानतळावरही क्योटोचे नेहमीचे खोके मिळतात, पण निवड कमी.

फलकावर दोन किमती दिसतात, 'झेइनुकी' कराविना, 'झेइकोमी' करासह. खाद्यपदार्थांवर 8 टक्के, दारूवर 10. करमाफी त्याच दुकानात, त्याच दिवशी, कराविना 5,000 येन खरेदीला, पासपोर्ट दाखवून. 31 ऑक्टोबर 2026 पर्यंत दुकानातच कर वजा होतो आणि खाऊ सीलबंद पिशवीत देतात, ती जपान सोडेपर्यंत उघडायची नाही. 1 नोव्हेंबर 2026 पासून कर भरून घ्यायचा आणि निघताना कस्टम्सच्या तपासणीनंतर परत मिळवायचा. म्हणजे तेव्हापासून बॅग विमानकंपनीकडे सोपवण्याआधी कस्टम्सचं काम उरकायचं.

दुकानात तीन वाक्यं पुरतात. 'शोमि किगेन वा इत्सु मादे देस का?' (मुदत कधीपर्यंत?) 'तामागो हाइत्ते इमास का?' (अंडं आहे का?) 'कोवाके नो फुकुरो ओ कुदासाई' (वाटायला छोट्या पिशव्या द्या). खोके वेगवेगळ्या घरी जाणार असतील तर हे तिसरं विसरू नका. काही ठिकाणी कागदी पिशवीचे पैसे पडतात. थंड माल घेतलात तर दुकानदार घरी पोचायला किती तास ते विचारतो आणि त्या हिशेबाने बर्फाची पुडी ठेवतो. 'भारत' असं उत्तर देऊ नका, हॉटेलपर्यंतचे तास सांगा.

क्योटोतच कुणाच्या घरी जाणार असाल तर ती वेगळी भेट, तिला 'तेमियागे' म्हणतात. चार आणि नऊ नग टाळा, त्यांचे उच्चार मृत्यू आणि कष्ट या शब्दांशी जुळतात. आत गेल्यावर पिशवीतून खोका काढून दोन्ही हातांनी द्या, पिशवी आपण ठेवा.

बॅग भरताना

विमानाच्या सुरक्षातपासणीत ओलसर पदार्थ द्रव धरले जातात: लोणचं, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), पुडिंग, जेली, मुरांबा, पातळ मिझु-योकान, बर्फाची पुडीसुद्धा. 100 मिलिलिटरपेक्षा मोठं असेल तर केबिनमध्ये जात नाही. करमाफीची सीलबंद पिशवी आहे म्हणून सूट मिळत नाही. हे सगळं मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. अमेरिकेला जाणाऱ्यांनी 350 मिलिलिटरहून जास्त पूड, म्हणजे माचाचे मोठे डबेही, मोठ्या बॅगेत टाकावेत. ऑस्ट्रेलियात उतरणाऱ्यांनी प्रत्येक खाऊ फॉर्मवर लिहावा.

जड योकान चाकांकडच्या बाजूला, म्हणजे बॅग उभी केल्यावर तळाशी. यात्सुहाशीचे खोके आडवे, मधे कपडे. युबा, कोम्पेइतो आणि चॉकलेट हातातल्या बॅगेत. निघण्याआधी प्रत्येक खोक्याचा फोटो काढा, पुढून आणि मागून. घरी आल्यावर 'यात अंडं आहे का?' या प्रश्नाला तोच कामी येतो.

घरी पोचलात की खोक्यांवर लगेच चिकटचिठ्ठ्या लावा: कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत, अंडं आहे की नाही. ऑफिसच्या खोक्यावरही. मुदतीच्या क्रमाने वाटा, नात्याच्या क्रमाने नको. आणि नामा यात्सुहाशीचे शेवटचे चार नग उरून कडक झालेच, तर तव्यावर अर्धा चमचा साजूक तूप टाकून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर परता. बाहेरून कुरकुरीत, आतून पुन्हा मऊ होतात. आन्को आतून चटका बसेल इतकं तापतं, मुलांना देण्याआधी दोन मिनिटं थांबा.